पॉलिसॉर्बेट घालूनही लोशनमधलं तेल वेगळं का होतं?

घोटणी
100 ग्रॅमचं प्रमाण असं: डिस्टिल्ड वॉटर 75, लिक्विड पॅराफिन 20, आणि इमल्सिफायर (तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा घटक) म्हणून पॉलिसॉर्बेट 80, 5 ग्रॅम. सगळं खोलीच्या तापमानाला एकत्र करून हाताने फेटलं. लगेच पांढरंशुभ्र दिसतं, पण रात्रभरात वर दाट थर आणि खाली धुरकट पाणी. हलवलं की परत एकजीव होतं. तीन-चार दिवसांनी मात्र चक्क तेल तरंगतं आणि मग कितीही हलवा, मिसळत नाही. इमल्सिफायर 10 टक्के केला तर थांबेल का?

थेंबथेंब
नाही, उलट थर आणखी लवकर धरेल. आधी हिशोब बघा. 20 ग्रॅम पॅराफिन म्हणजे साधारण 23 मिलिलिटर. त्याचे 1 मायक्रॉन व्यासाचे थेंब केले तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग सुमारे 140 चौरस मीटर होतो. इमल्सिफायरचा एक पदर द्यायला दर चौरस मीटरला 1 ते 3 मिलिग्रॅम लागतात, म्हणजे अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. तुम्ही 5 ग्रॅम घातलाय आणि हाताने फेटून थेंब 1 मायक्रॉनपर्यंत जातच नाहीत. उरलेला पाण्यात मायसेल (इमल्सिफायरच्या रेणूंचे सूक्ष्म गोळे) करून बसतो. मायसेल फार झाले की ते थेंबांना एकमेकांकडे ढकलतात, थेंबांचे पुंजके होतात आणि पुंजका एकट्या थेंबापेक्षा भराभर वर येतो.

तुमच्याकडे दोन वेगळे दोष आहेत. हलवल्यावर मिसळतो तो थर म्हणजे थेंब शाबूत आहेत, फक्त वर आलेत. तरंगणारं तेल म्हणजे थेंबांचा पदर फाटून ते एकमेकांत विलीन झाले. पहिल्याला थेंबाचा आकार आणि पाण्याचा पातळपणा कारणीभूत, दुसऱ्याला चुकीचा इमल्सिफायर.

इमल्सिफायरच्या रेणूचं एक टोक जलस्नेही असतं, दुसरं तेलात रमणारं. तो तेल-पाण्याच्या सीमेवर उभा राहतो, तिथला ताण उतरवतो, त्यामुळे थेंब फोडायला कमी जोर लागतो. पण खरं महत्त्वाचं काम फोडल्यानंतरचं: दोन थेंब भिडले तरी मधला पदर फाटू न देणं. पॉलिसॉर्बेट 80 चा एचएलबी (ओढा पाण्याकडे की तेलाकडे हे सांगणारा आकडा) 15, म्हणजे ओढा पाण्याकडे फार. तेलाच्या बाजूने पदर विरळ राहतो. लिक्विड पॅराफिनला जवळपास 10 ते 11 लागतो, म्हणून त्याला जोडीला सॉर्बिटन मोनोओलिएट द्या (एचएलबी 4.3). 10.5 साठी पॉलिसॉर्बेट 2.9 ग्रॅम आणि सॉर्बिटन 2.1 ग्रॅम, एकूण तेच 5. दोन्ही मिसळून पदर दाट बसतो.

पॅराफिनचा दर्जा बदलला की हा आकडा थोडा सरकतो. म्हणून 9.5, 10.5 आणि 11.5 असे तीन छोटे घाणे शेजारी ठेवून बघा.

रवी_फिरवा
प्रमाणाबद्दल वरचं बरोबर आहे, पण कृती सुधारली नाही तर तेही वाया जाईल. थेंब वर येण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. 20 मायक्रॉनचे 2 मायक्रॉन केले की वेग शंभरपट कमी. ते हाताने होत नाही, स्टिक ब्लेंडर हवाच.

सॉर्बिटन तेलात, पॉलिसॉर्बेट पाण्यात. दोन्ही भांडी वेगवेगळी 70 ते 75 अंशांवर आणा. यात 2 ग्रॅम सेटिल अल्कोहोल (मेणासारखा घट्ट पदार्थ) तेलात वितळवा आणि तेवढं पाणी कमी करा. तेलाची धार पाण्यात सोडत ब्लेंडर चालवा, पातं पूर्ण बुडालेलं ठेवा, नाहीतर हवा ओढून फेस होतो. 2-3 मिनिटं पुरेत. मग मात्र 40 अंशांखाली येईपर्यंत हळू ढवळत राहा. लोक इथेच सोडून देतात. पॉलिसॉर्बेटसारखे इमल्सिफायर गरम असताना पाण्याला नीट धरत नाहीत, थंड होताना धरतात, आणि सेटिल अल्कोहोलही त्याच वेळी जाळं बांधतं. गरम असताना किंचित फुटल्यासारखं दिसलं तर घाबरून टाकून देऊ नका.

पाणी दाट करायला 0.3 ग्रॅम झँथन गम. तो थेट पाण्यात टाकला तर गुठळ्या होतात. आधी 3 ग्रॅम ग्लिसरीनमध्ये कालवा, मग पाण्यात घाला आणि तापवा. पाणी 3.3 ग्रॅमने कमी करायला विसरू नका.

घोटणी
समजलं. सॉर्बिटनऐवजी मधमाशीचं मेण चालेल?

थेंबथेंब
नाही. नुसतं मेण इमल्सिफायर नाही, ते तेल घट्ट करतं एवढंच. पाण्यातल्या बोरॅक्सबरोबर त्यातल्या मेदाम्लांचा साबण होतो आणि तो साबण इमल्सिफायरचं काम करतो. जुन्या कोल्ड क्रीमचं हेच तंत्र, पण ते वेगळं उत्पादन झालं.

तुमच्या प्रमाणात प्रिझर्व्हेटिव्ह दिसत नाही. पाणी असलेलं काहीही त्याशिवाय ठेवू नका. निवडताना पुरवठादाराला विचारा की तो पॉलिसॉर्बेटबरोबर चालतो का: पॅराबेन प्रकारचे प्रिझर्व्हेटिव्ह मायसेलमध्ये अडकतात आणि पाण्यात त्यांचा जोर कमी पडतो. तो 40 अंशांखाली घालायचा की आधी, हे त्याच्या माहितीपत्रकात असतं. घाणा झाल्यावर एक थेंब पाण्यात टाका. सहज पसरला तर इमल्शन पाण्यातल्या तेलाचं आहे. गोळा होऊन बसला तर उलटं झालंय, एचएलबी वर सरकवा.