मदत हवी आहे: १९६९ची एमजीबी रोडस्टर, सिल (दारांखालच्या लांब पोकळ पेट्या) गंजलेले, कामाला सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

जुन्या गाड्यांवर स्वतः हात काळे केलेल्यांकडून सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे तुम्हालाही नेमकं सांगता येईल.

गाडी म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची एमजीबी रोडस्टर, १९६९ची. १७९८ सीसीचं बी-सीरिज इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, चार गिअर, ओव्हरड्राइव्ह नाही. कित्येक वर्षं मनात हीच गाडी होती. १९६२ पासून १९८० पर्यंत ती बनत राहिली, त्यामुळे सुटे भाग अजून नवे मिळतात, रचनाही सरळ आहे. पहिल्यांदाच काम करणाऱ्याला हीच बरी, असं ठरवून घेतली. घेताना इंजिन एका झटक्यात चालू झालं आणि रंग तर आरसा होता. खालून वाकून बघितलं, पण रंगाखाली पुट्टी आहे का हे लोहचुंबक लावून बघितलं नाही, ही चूक झाली.

गडबड लक्षात आली ती दारामुळे. गाडी जमिनीवर उभी असली की डावं दार मागच्या वरच्या कोपऱ्यात घासतं. बिजागरी सैल असेल म्हणून दुर्लक्ष केलं. मग एके दिवशी सिलच्या मधल्या पॉइंटला जॅक लावून गाडी उचलली, तर तीच फट इतकी रुंदावली की करंगळी आत जाईल. जॅक खाली घेतला, फट पुन्हा मिटली. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. उजवीकडे असं काही होत नाही.

त्यानंतर डाव्या सिलवरचा रंग खरवडला. खाली पुट्टीचा बोटभर थर. पुट्टीखाली नवा पत्रा, आणि तो जुन्या सिलवर नुसता रिव्हेट मारून बसवलेला. दोन्हींच्या मध्ये गंजाचे पापुद्रे, मूठभर निघाले. सिलच्या तळाची पट्टी, म्हणजे कॅसल रेल, स्क्रू ड्रायव्हरने टोचली तर टोक आरपार गेलं. आधी कुणीतरी हे झाकून विकलंय, हे उघड आहे. त्याचं वाईट वाटतंच, पण गाडी सोडायची नाही, हे पक्कं.

इंजिनचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाबही तपासला. पहिला सिलिंडर १६० पीएसआय, दुसरा १५५, तिसरा ९५, चौथा ९०. तिसऱ्या-चौथ्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा घेतलं, आकडा जवळपास तेवढाच राहिला.

माझी तयारी म्हणाल तर मोटरसायकलचं इंजिन दोनदा उघडून बसवलंय. मिग वेल्डिंग शिकतोय, भंगार पत्र्यावर रोज तासभर सराव चालू आहे. चार पक्के स्टँड, टॉर्क रेंच, मल्टिमीटर आहे.

आता मुख्य अडचण. इंजिन काढायला साखळी लावली होती, तेवढ्यात शंका आली आणि हात थांबवला. आधी इंजिन काढू की आधी सिल? सिल कापताना गाडी मधूनच वाकली तर काय? दाराच्या चौकटीत आडवा आधार द्यायचा असतो हे माहीत आहे, पण तो नेमका कुठून कुठे आणि कधी? वायरिंग सगळं काढून नवं टाकावं का? शिवाय मला पाच गिअरचा बॉक्स, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि थोडी जास्त ताकद हवी आहे. उघडलीच आहे तर हे सगळं आत्ताच करून घ्यावं असं वाटतं. चुकत असेन तर स्पष्ट सांगा.

प्रतिसाद

हात थांबवलात हे फार चांगलं केलंत. अशाच एका गाडीचे दोन्ही बाजूंचे सिल मी बदललेत, त्यावरून सांगतो.

एमजीबीला वेगळी चासी नाही. आधीच्या एमजीए मॉडेलला होती, हिचा सांगाडा म्हणजे बॉडीच. त्यात रोडस्टरला छप्पर नाही, म्हणजे पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवण्याचं काम मुख्यतः दोन सिल आणि मधला टनेल (गिअरबॉक्सवरचा लांब उंचवटा) करतात. बाहेरचा सिल, त्यामागे मेंब्रेन म्हणजे उभा पत्रा, आतला सिल आणि खाली कॅसल रेल, अशी ही बंद पेटी असते. तुमच्या डाव्या बाजूला ती पेटीच उरलेली नाही. चाकांवर उभी असताना गाडी मधून खाली बसते, वरची फट मिटते. मधून उचलली की दोन्ही टोकं लोंबतात, फट उघडते. बिजागरीचा यात काही दोष नाही.

म्हणून पहिलं काम मोजमाप. दोन्ही दारांच्या फटी वर, मध्ये, खाली मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. चौकटीचे कर्णही मोजा. इंजिन काढल्यावर पुढचं वजन जाईल आणि आकडे बदलतील, ते वेगळे लिहा. इंजिन आधी काढलंत तरी चालेल. मात्र काढण्यापूर्वीची मापं नसतील तर नंतर मूळ आकार शोधत बसाल.

गाडीला आधार सिलखाली अजिबात नको. पुढे सस्पेन्शनच्या क्रॉसमेंबरजवळ, मागे पानपट्ट्यांच्या (स्प्रिंगच्या) टोकाजवळ द्या. मग स्टँड थोडे थोडे वरखाली करत दाराच्या फटी सारख्या होईपर्यंत शरीर सरळ करा. घाई इथे करू नका, मला यातच दोन दिवस गेले होते. फटी जुळल्या की मगच बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत चौकोनी पाईप बोल्टने घट्ट बसवा, दोन्ही बाजूंना. पाईप आतून असा बसवा की दार लावता येईल, कारण प्रत्येक टप्प्याला दार लावून फट बघायची आहे. वाकड्या अवस्थेत आधार पक्का केला तर तो वाकडेपणा कायमचा होतो.

कापाल तेव्हा एकच बाजू, आणि त्या बाजूचंही सगळं एकदम नको. पुढचा विंग (चाकावरचा पत्रा) बोल्टचा आहे, काढून ठेवा. सिल त्याच्या आतपर्यंत जातो. मागचा विंग वेल्ड केलेला असतो, त्याचा खालचा भाग कापावाच लागतो. तो कापायला लागू नये म्हणूनच लोक जुन्यावर नवा पत्रा ठोकतात, तुमच्याकडे तेच झालंय. वेल्ड करताना छोटे टाके द्या, एकदा इकडे, एकदा तिकडे, मध्ये पत्रा निवू द्या. सलग रेघ ओढली तर पत्रा ओढला जाईल. पाणी निघायची भोकं बुजवू नका, आणि काम झालं की पेटीत आतून मेण फवारा.

एक मात्र कळकळीने सांगतो: पेट्रोलची टाकी आणि पाईप काढून गाडीपासून लांब ठेवल्याशिवाय मागच्या बाजूला ठिणगी पाडू नका. रिकाम्या टाकीतली वाफही पेट घेते. आणि जुन्या ब्रेक शूजची धूळ हवेने उडवू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो.

प्रतिसाद

इंजिनबद्दल. तेल टाकूनही आकडा वाढला नाही म्हणजे पिस्टनच्या रिंगांवर संशय कमी. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेत, म्हणजे त्यांच्या मधली हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधला दाब रोखणारा थर) गेली असण्याची शक्यता जास्त. हेड काढाल तेव्हा सरळ पट्टी लावून तळ सपाट आहे का बघा. व्हॉल्व्ह सीट मूळच्या असतील तर बिनशिशाच्या पेट्रोलवर एक्झॉस्टच्या सीट झिजत जातात. त्याच फेरीत कडक सीट बसवून घ्या.

वायरिंग सरसकट फेकू नका. ल्युकस कंपनीच्या वायरींचे रंग एकदा पाठ झाले की जुनं वायरिंगही स्पष्ट वाचता येतं: तपकिरी कायम जिवंत, पांढरी चावी फिरवल्यावर, हिरवी चावी आणि फ्यूजनंतर, काळी अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली). अर्ध्याअधिक तक्रारी गंजलेल्या अर्थच्या असतात. अर्थचे बिंदू घासून चकाकते करा, मग मीटर लावा. इन्सुलेशन वाकवल्यावर तडकत असेल तर मात्र पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) बदला. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायला सोपं आहे, पण आधी गाडी निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं) आहे ना हे बॅटरीपाशी जाऊन खात्री करा. १९६७ पर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थ होत्या, आणि मधल्या काळात कुणी काय बदललंय सांगता येत नाही. उलटं जोडलं तर मॉड्यूल जातो.

पाच गिअर आणि जास्त ताकद आत्ता नको, असं माझं ठाम मत आहे. आधी ब्रेक. रबरी होज आतून फुगतात, पेडल सोडलं तरी दाब धरून ठेवतात आणि चाक अडकतं. बाहेरून ते धडधाकट दिसतात, म्हणून सगळे बदला. टायरवरचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचे. खोल नक्षी असली तरी काढून टाका. मूळ स्वरूपात एक हंगाम चालवा. कुठे काय कमी पडतं ते गाडीच सांगेल, आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सकाळीच मापं घेतली. उजव्या दाराची फट वरपासून खालपर्यंत ५ मिमी. डाव्याची मागची कड वर २, खाली ७. साखळी काढून ठेवली आहे, आता स्टँड क्रॉसमेंबरखाली घेतोय. गिअरबॉक्सचा विषय सध्या बाजूला.

एकच शंका राहिली. कॅसल रेल पुढच्या अर्ध्या भागात पूर्ण गेली आहे, मागचा अर्धा भाग टोचून पाहिला तर घट्ट लागतो. तेवढाच पुढचा तुकडा बदलून जोड दिला तर चालेल का, की पूर्ण लांबीची बदलावी? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, पत्रा मागवायचा थांबलोय.