ओएसपीएफ लावलंय, पण कुपवाडचा राउटर नेबरमध्ये दिसतच नाही

प्रश्न:
नमस्कार मंडळी, आमचं हळदीचं ऑफिस सांगली मार्केट यार्डात, गोडाऊन कुपवाड एमआयडीसीत आणि एक छोटी ब्रँच मिरजेत. तिन्हीकडं एकेक सिस्को राउटर, त्रिकोणात जोडलेत. आधी स्टॅटिक रूट होते, लिंक पडली की हातानं बदलत बसायला लागायचं म्हणून ओएसपीएफ (राउटरनं आपसांत बोलून रस्ते आपोआप ठरवायची पद्धत) लावलं. सांगली-मिरज फुल झालं (म्हणजे दोन्ही राउटर नेबर म्हणून पूर्ण जुळले), मिरज-कुपवाड एक्सस्टार्टवर (जुळणीच्या मधल्या टप्प्यावर) अडकतंय आणि सांगली-कुपवाड तर नेबरच्या लिस्टमध्येच येईना, पिंग मात्र व्यवस्थित जातंय. त्या लिंकचे आयपी १०.०.१३.५ आणि १०.०.१३.६, मास्क /३०, दोन्हीकडं 'नेटवर्क १०.०.१३.० ०.०.०.३ एरिया ०' दिलंय. प्रोसेस आयडी (ओएसपीएफ चालू करताना दिलेला नंबर) इकडं १ आणि तिकडं १० आहे, त्यामुळं तर नसेल ना?

उत्तर १:
प्रोसेस आयडीचा काही संबंध नाही, तो त्या राउटरपुरताच असतो. नेटवर्कची ओळ बघा दादा. ०.०.०.३ म्हणजे फक्त १३.० ते १३.३ एवढेच पत्ते धरले जातात आणि तुमचे आयपी ५ नि ६, म्हणजे त्या पोर्टवर ओएसपीएफ चालूच झालेलं नाही, हॅलो (नेबर शोधायचे छोटे संदेश) जाणार कुठनं? जुनी ओळ काढून दोन्हीकडं 'नेटवर्क १०.०.१३.४ ०.०.०.३ एरिया ०' द्या. पिंगला ओएसपीएफ लागत नाही, समोरासमोरची लिंक असली की ते जाणारच.

उत्तर २:
एक्सस्टार्टवर अडकलं की मी आधी एमटीयू (पोर्टवरनं जाणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार) बघतो. डेटाबेसच्या पॅकेटमध्ये राउटर आपला एमटीयू पाठवतो आणि समोरच्याला तो स्वतःच्यापेक्षा मोठा दिसला की तो पॅकेट टाकून देतो, मग गाडी पुढं सरकतच नाही. 'शो आयपी इंटरफेस' मारून दोन्ही टोकं जुळवा. एमटीयू-इग्नोर (हा फरक बघूच नको अशी कमांड) टाकून मोकळं व्हा असं कुणीतरी सांगंल, पण ते करू नका, नेबर फुल दिसंल आणि मोठे पॅकेट वाटेत मरतील.

प्रश्नकर्ता:
दोन्ही झालं! मिरजेला १५०० होतं, कुपवाडला १४००. लिंक रेडिओची आहे आणि तिला तेवढंच झेपतं, म्हणून दोन्हीकडं १४०० केलं, आता तिन्ही फुल. पण कुपवाडचा रेडिओ बंद करून बघितला तर मिरजेचा राउटर रस्ता बदलायला बराच वेळ घेतोय.

उत्तर १:
मिरजेच्या राउटरची केबल तिथल्या रेडिओत चालूच आहे ना, त्यामुळं पोर्ट अपच राहतो आणि डेड टायमरचे (हॅलो आला नाही तर थांबायचे) ४० सेकंद संपल्याशिवाय राउटरला कळत नाही. हॅलो २ सेकंद, डेड ८ सेकंद करा, पण दोन्ही टोकांना सारखंच, नाहीतर आत्ता जुळलेलं नेबर परत तुटंल. आणि ऑफिसच्या लॅनच्या पोर्टला पॅसिव्ह-इंटरफेस लावा, तिकडं हॅलो सोडायची गरज नाही.