मदत हवी आहे: इंग्रजी ‘वोन्टेड’ला मराठीत काय म्हणावं?

मंडळी, एका शब्दापाशी तीन दिवस अडून बसलोय. थॉमस ग्रेची १७५१ सालची दफनभूमीवरची विलापिका मराठीत आणायचा हौशी उद्योग चाललाय (वहीपुरताच, घाबरू नका). ३२ पैकी २३व्या कडव्यात गाडी रुतली. ओळीचा अर्थ साधारण असा: आपल्या राखेतसुद्धा ‘वोन्टेड’ अग्नी जिवंत असतो.

आधी मी चक्क ‘वॉन्टेड’ वाचलं आणि ‘हवाहवासा अग्नी’ लिहून मोकळा झालो. मग दिसलं की तिथे ए नाही, ओ आहे. डिक्शनरी म्हणते नेहमीचा, सवयीचा. पण ‘नेहमीचा अग्नी’ म्हटलं की गॅसची शेगडी आठवते, आणि ‘सवयीचा’ म्हटलं की तंबाखू! हा शब्द आज कुणी वापरतं का? उच्चार काय? आणि तशाच जुन्या वळणाचा मराठी शब्द सुचवाल का?

प्रतिसाद
बोलण्यात नाही. लिखाणात मूळचा ‘वोन्ट’ अजून भेटतो: ‘अ‍ॅज इज हिज वोन्ट’, म्हणजे आपलं ‘शिरस्त्याप्रमाणे’. बरेचदा चिमटा काढायला. साहेब शिरस्त्याप्रमाणे उशिरा आले, तसं. ब्रिटिश उच्चार ‘विल नॉट’च्या ‘वोन्ट’सारखाच. अमेरिकेत ‘वॉन्ट’ही ऐकू येतं, तेव्हा तुमची चूक अगदीच अडाणी नाही.

खरी गंमत पुढे आहे. जुन्या इंग्रजीत ‘वुनियन’ म्हणजे राहणं, आणि राहून राहून सवय होणं. जर्मनमध्ये आजही राहणं ‘वोनेन’ आणि सवयीचं ते ‘गेवोन्ट’. ‘वोन्ट’ हे त्या वुनियनचंच भूतकाळी रूप. लोक ते विसरले आणि शेपटाला पुन्हा ‘एड’ लावून बसले. पिवळा पीतांबरच की!

राहण्यातून रूढीकडे जाणारा आपला शब्द ‘वहिवाट’, पण तो कवितेत आणलात तर मागोमाग तलाठी येईल. ग्रेला म्हणायचंय की जिवंतपणी जी धग होती ती मेल्यावरही विझत नाही. मग विशेषण शोधताय कशाला? ‘तीच’ म्हणा. काम ‘च’ करेल.

धागाकर्ता
‘राखेतही आपुल्या अजून तीच धग’. बसलं! हवाहवासा अग्नी खोडला. पुढच्याच कडव्यात कवी कुणाला तरी ‘तू’ म्हणतोय, आणि तो ‘तू’ नेमका कोण हे कळेना. त्यावर वेगळा धागा काढतो.