शेळीनं काय खाल्लं, हे लेंडीला विचारायचं का ढोरक्याला?

संत्रेवाला: नागपूरच्या गोरेवाड्याकडे बेरारी शेळ्या चरताना रोज पाहतो. बोरीचा पाला ओरबाडला, लगेच कुसळीत तोंड, तिसऱ्या मिनिटाला बाभळीच्या शेंगा. वहीत कितीही टिपा, पोटात पाला किती न् गवत किती, कळत नाही. माझं मत, लेंड्या तपासा. पानावरच्या मेणात अल्केन असतात, म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्या; बहुतेक विषम, २५ ते ३५ कार्बनच्या. कुठल्या झाडात २९ कार्बनचा जास्त, कुठल्या गवतात ३१-३३. पोटात ते फारसे पचत नाहीत. लेंडी वाळवा, दळा, गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे या साखळ्या वेगळ्या करून मोजणाऱ्या मशीनवर लावा, झाडांच्या मेणाशी ताडा, झालं.

जुना ढोरकी: तरोट्याला शेळी तोंड लावत नाही, हे सांगायला मशीन काऊन पाहिजे भाऊ? आमचा बाप फिरत्या तोंडाकडं पाहून सांगायचा.

संत्रेवाला: काय खात नाही ते सांगायचा. किती खाते ते? १९८६ मध्ये मेयस, लॅम्ब, कोलग्रोव्ह या संशोधकांनी हेच दाखवलं. गवतात ३२ कार्बनचा अल्केन नावालाच असतो, म्हणून तो मोजून जनावराला द्यायचा. शेणात ३२ ला ३३ किती पडतो, त्यावरून रोजचा चारा निघतो.

प्रयोगशाळेतली: संत्रेवाला भाऊ, ‘पचत नाहीत’ म्हणून मोकळं होऊ नका. आखूड साखळ्या वाटेत जास्त हरवतात, लांब कमी; ती तूट आधी भरून काढावी लागते. शिवाय खुणा, म्हणजे हे निरनिराळे अल्केन, डझनभर अन् रानातल्या वनस्पती पन्नास, गणित सुटणार कसं? म्हणून मेणातले अल्कोहोल, स्निग्धाम्लंही मोजतात. तरी पान, खोड, फूल, प्रत्येकाचं मेण निराळं. अन् मुळात नमुने कोणत्या झाडांचे आणायचे? ते मी ढोरक्यालाच विचारते.

जुना ढोरकी: घ्या! विचारता तर आम्हालेच. चहाचंही विचारत जा ताई.

संत्रेवाला: यादी तुमची, पण वजन मशीनचं.

जुना ढोरकी: बरं, माझी एक बकरी बेकरीमागचा मेणकागद चघळते. तिची लेंडी काय सांगन?

प्रयोगशाळेतली: ते पॅराफिन, खनिज तेलातलं. त्यात सम-विषम दोन्ही साखळ्या जवळपास सारख्याच. आलेखात विषमाचे उंच सुळके दिसायच्या ऐवजी सपाट डोंगर दिसला, की तुमची बकरी पकडली!

जुना ढोरकी: अन् बेकरीवाला पैसे मागायला आला तर आलेख दाखवू नका म्हणजे झालं.