टोचन गाड्यांच्या डिस्पॅच सॉफ्टवेअरमध्ये (कामं गाड्यांना नेमून देणारं आणि बिल काढणारं) दर बसवले, पण बिलं वहीशी जुळत नाहीत

आडगावनाका:
नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये चार गाड्या चालतात: दोन फ्लॅटबेड (अख्खी गाडी पाठीवर घेणारे), एक अंडरलिफ्ट (एका बाजूची चाकं उचलून ओढणारी) आणि दुचाकींसाठी एक पिकअप. दर आजवर फोनवर ठरत होते आणि बिल वहीत लिहिलं जात होतं. आता डिस्पॅच सॉफ्टवेअर घेतलंय. चारचाकीचा दर असा भरलाय: पहिल्या १० किमीपर्यंत १५०० रुपये, ११ ते ४० किमीला ४० रुपये प्रति किमी, ४० च्या पुढे ३० रुपये. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत २५ टक्के जादा.
अडचणी अशा: ४५ किमीच्या कामाचं बिल ४० किमीच्या कामापेक्षा कमी येतंय. रात्रीचा जादा दर सकाळी दहाच्या कामाला लागतो आणि रात्री अकराच्या कामाला लागत नाही. विमा कंपनीकडून आलेल्या कामांचं बिल तर शून्यच दिसतं. आकडे तीनदा तपासले, बरोबर भरलेत. मग चुकतंय कुठे?

घाटवाट:
भाऊ, आकडे बरोबरच आहेत, नियम चुकलेत. एकेक बघू.

टप्प्यांचे दर भरताना सॉफ्टवेअर दोन पर्याय देतं. एकात प्रत्येक टप्प्यातले किमी त्या-त्या दराने मोजले जातात. दुसऱ्यात एकूण अंतर ज्या टप्प्यात येतं तो दर पहिल्या १० च्या वरच्या सगळ्या किमीला लागतो. तुमच्याकडे दुसरा चालू आहे. ४० किमीला १५०० अधिक ३० गुणिले ४०, म्हणजे २७०० रुपये. ४५ ला व्हायला हवे २७०० अधिक १५०, म्हणजे २८५०. सॉफ्टवेअर मात्र वरचे ३५ किमी सरसकट ३० ने गुणतंय, म्हणून २५५० येतात. पर्याय बदलला की सुटेल.

रात्रीच्या दराचं कारण वेळेचा पट्टा. खात्याची वेळ भारतीय न ठेवता जागतिक प्रमाणवेळ ठेवली असेल, तर तिथले रात्रीचे १० म्हणजे आपले पहाटेचे साडेतीन आणि तिथले सकाळचे ६ म्हणजे आपले साडेअकरा. सकाळी दहाचं काम बरोबर त्यात सापडतं. वेळ भारतीय केल्यावरही एक तपासा: काही सॉफ्टवेअरना मध्यरात्र ओलांडणारा नियम कळत नाही. तिथे २२:०० ते २४:०० आणि ०:०० ते ६:०० असे दोन नियम लिहावे लागतात. आणि रात्र कशावरून धरायची ते आधी ठरवा. फोन आल्याची वेळ धरावी असं माझं मत आहे, कारण भाव त्याच क्षणी सांगितला जातो. गाडी पोहोचल्याची वेळ धरली तर रस्त्यातल्या कोंडीमुळे गिऱ्हाइकाचं बिल वाढतं, आणि भांडण ड्रायव्हरला झेलावं लागतं.

आता खरा प्रश्न, जो तुम्ही विचारलेला नाही: किमी म्हणजे नेमके कुठून कुठपर्यंतचे? बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला फक्त भरलेलं अंतर धरलेलं असतं, म्हणजे गाडी उचलली तिथून उतरवली तिथपर्यंत. गंगापूर रोड ते अंबड एवढ्या कामाला ते चालतं. पण कसारा घाटात गाडी बंद पडली आणि मालकाने इगतपुरीच्या गॅरेजात सोडायला सांगितलं, तर भरलेलं अंतर १० किमीच्या आत आणि बिल १५०० रुपये. तुमचा फ्लॅटबेड मात्र शंभरच्या आसपास किमी धावलेला असतो.

म्हणून दोन वेगळे आयटम करा: रिकामं अंतर आणि भरलेलं अंतर. रिकामं म्हणजे यार्डापासून गाडीपर्यंत, त्यातले पहिले १० किमी मूळ दरात. फ्लॅटबेड लिटरला सहा-सात किमी देत असेल आणि डिझेल नव्वदीच्या घरात धरलं, तर नुसतं डिझेलच किमीला १३ ते १५ रुपये. परतीचं अंतर वेगळ्या ओळीत लावू नका, फोनवर ते कोणाला पटवून देता येत नाही. जाण्याच्याच दरात ते धरा, म्हणजे रिकाम्याचे ३० रुपये. घाटाच्या कामात यार्डापासून ५० किमी झाले, तर ४० गुणिले ३०, म्हणजे १२०० आणि मूळचे १५००, एकूण २७००. हा आकडा गाडी निघण्याआधी गिऱ्हाइकाला सांगता येतो, आणि तेच महत्त्वाचं.

अंतर मोजण्याची पद्धत ‘रस्त्याने’ ठेवा, ‘सरळ रेषेत’ नको. घाटात चढणीची आणि उतरणीची वाट वेगळी आहे. नकाशावर चुकीच्या बाजूला खूण केली तर गाडी पार खाली जाऊन वळून येते. समृद्धी महामार्गावर तेच: वळायला फक्त इंटरचेंज. इगतपुरी आणि भरवीरच्या मध्ये गाडी कोणत्या दिशेच्या मार्गिकेवर आहे हे विचारल्याशिवाय दर सांगू नये.

परदेशी बनावटीचं सॉफ्टवेअर असेल तर एककही बघा. मैल ठेवलेले असतील तर ५० किमीचे ३१ होतात, आणि ३० रुपयांनी १५०० ऐवजी ९३० च्या आसपास येतात. बिल कमी आलं म्हणून गिऱ्हाईक कधी तक्रार करत नाही, त्यामुळे ही चूक महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

खातेवही_सातपूर:
शून्य बिलाचं सांगतो. कंपनीच्या खात्यात दराची चौकट रिकामी सोडली तर तुमचा सर्वसाधारण दर लागतो. तिथे ० लिहिला तर ‘ही सेवा फुकट’ असा अर्थ होतो. तुम्ही बहुतेक नंतर भरू म्हणून सगळीकडे ० टाकलेत. पुसून टाका. करारात जे दर ठरलेत तेवढेच भरा.

पण एवढ्यावर थांबू नका. रस्त्यावरच्या मदतीच्या करारात बहुधा किमीची मर्यादा असते. समजा ५० किमीपर्यंत कंपनी देणार आणि काम ६८ किमीचं झालं. एकाच खात्यावर ६८ चं बिल गेलं तर कंपनी ते परत पाठवते, आणि तोवर गिऱ्हाईक गाडी घेऊन घरी गेलेलं असतं. म्हणून एका कामाला दोन देणेकरी लावायची सोय चालू करा. वरच्या १८ किमीचे ५४० रुपये आणि त्यावरचा जीएसटी गिऱ्हाइकाच्या नावावर पडला पाहिजे, आणि ती रक्कम ड्रायव्हरच्या ॲपवर गाडी उतरवण्याआधी दिसली पाहिजे. कंपनीचा केस क्रमांक भरल्याशिवाय काम पुढे सरकू नये, अशी ती चौकट सक्तीची करा.

बिलबुक_सिन्नर:
जीएसटीबद्दल थोडं. टोचन सेवेचा सॅक कोड (जीएसटीतला सेवेचा क्रमांक) ९९६७४४, दर १८ टक्के. गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं असेल तर ९ अधिक ९, म्हणजे निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. कंपनीच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे बघा: २७ असेल तर महाराष्ट्र, २४ गुजरात, ०६ हरियाणा. बाहेरचा क्रमांक असेल तर आयजीएसटी, म्हणजे पूर्ण १८ टक्के एकाच ओळीत. हे प्रत्येक खात्यावर एकदाच ठरवून ठेवा, बिल करणाऱ्या माणसावर सोडू नका.

फोनवर २८५० सांगितले आणि बिल ३३६३ चं निघालं, तर गिऱ्हाईक चिडणारच, आणि त्याचं चुकत नाही. रस्त्यावरच्या माणसासाठी दर करासह भरा, कंपन्यांसाठी कर सोडून. सॉफ्टवेअरमध्ये हा फरक खातेनिहाय ठेवता येत नसेल तर दोन दरपत्रकं करा.

टोलची वेगळी ओळ करा, म्हणजे घोटी, शिंदे, पिंपळगाव नाक्यांचे पैसे किमीच्या दरात लपत नाहीत. पण गाडी आपली, फास्टॅग आपला, म्हणजे तो आपलाच खर्च. त्या ओळीलाही करपात्र ठेवा.

आडगावनाका:
मनापासून आभार. टप्पे आणि वेळ दुरुस्त केली, २८५० बरोबर आले. शून्याचंही तसंच निघालं. आता दोनच गोष्टी: गाड्यांचे गट किती करावेत? आणि थांबण्याचे पैसे आपोआप लावावेत का?

घाटवाट:
गट पाचच पुरेत: दुचाकी, छोटी कार, एसयूव्ही, साडेतीन टनांपर्यंतची मालगाडी, त्यावरची जड गाडी. मॉडेलनुसार वीस-पंचवीस गट केले की फोन घेणारा घाईत पहिलाच निवडतो. जड गाडीला ठरीव दर देऊच नका. तिथे हायड्रा (क्रेन) लागणार का, माल उतरवावा लागणार का, हे बघून भाव द्यावा लागतो. ‘भाव विचारून’ असा आयटम ठेवा आणि रक्कम भरल्याशिवाय काम बंद होणार नाही अशी अट घाला.

इलेक्ट्रिक, ऑटोमॅटिक आणि चारही चाकांना ओढ असलेल्या गाड्यांना मात्र एक खूण करा. ती खूण असली की फक्त फ्लॅटबेडच नेमला गेला पाहिजे. अंडरलिफ्टवर ओढती चाकं जमिनीवर राहिली तर गिअरबॉक्स किंवा मोटर खराब होते, आणि ती भरपाई कुठल्याच दरात बसत नाही.

थांबण्याचे पैसे आपोआप लावा, पण जपून. पहिली ३० मिनिटं मोफत, पुढे अर्ध्या तासाच्या हिशोबाने. ही वेळ ड्रायव्हरने ‘पोहोचलो’ आणि ‘भरली’ ही बटणं दाबल्यावर मोजली जाते. घाटात रेंज नसते, फोन खाली आल्यावर दोन्ही नोंदी एकदमच पोहोचतात. सॉफ्टवेअर सर्व्हरची वेळ धरत असेल तर दीड तास थांबूनही शून्य मिनिटं दिसतील. फोनमधली वेळ धरायची सोय असेल तर ती चालू करा, नसेल तर वेळ दुरुस्त करायचा अधिकार ऑफिसातल्या एकाच माणसाला द्या. चिखलातून किंवा शेतातून ओढून काढायचं काम थांबण्यात धरू नका, विंचचा (तारेने ओढायच्या यंत्राचा) आयटम वेगळा हवा.

खातेवही_सातपूर:
यार्डभाड्याचं राहिलं. दिवस तारखेने मोजू नका, २४ तासांनी मोजा. रात्री साडेअकराला आलेल्या गाडीला अर्ध्या तासात दोन दिवसांचं भाडं लागू नये.

आणि डिझेल वाढलं की जुन्या दरावर नवा आकडा टाकू नका. काही सॉफ्टवेअर बंद न केलेली सगळी कामं नव्या दराने पुन्हा मोजतात. नवी ओळ करा, ‘अमुक तारखेपासून’ लिहा, जुनी ओळ बंद करा. आधी वहीतली आठ-दहा जुनी कामं घालून बघा: एक घाटातलं, एक रात्री १२ च्या अलीकडे-पलीकडे गेलेलं, एक बरोबर ४० किमीचं, एक ४१ चं, एक कंपनीचं मर्यादेबाहेरचं. ज्याचं बिल जुळणार नाही, त्याचाच नियम तपासा.