घर स्वच्छ झाले, हे ठरवायचे कोणी?

राजारामपुरीकर (मूळ मुद्दा):
घटस्थापना तोंडावर आली आहे आणि कोल्हापुरातील बहुतेक घरांप्रमाणे आमच्याकडेही दसरा काढण्याची धांदल चालू आहे. वाकळा-चादरी धुऊन वाळल्या, माळ्यावरची भांडी घासून झाली आणि रविवारी संध्याकाळी यजमान समाधानाने म्हणाले, "झालं की सगळं!" त्याच क्षणी मला शेगडीमागच्या टाइल्सवर तांबड्या रश्श्याच्या कटाचे वाळलेले थेंब आणि मोरीच्या नळाभोवती साचलेला बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार दिसत होता. आम्ही दोघेही नोकरी करतो, तरी एकाच घरात उभे राहून एकाला ते स्वच्छ दिसते आणि दुसऱ्याला अर्धवट, असे का व्हावे?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरची बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यांवरचा वेळ दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर पुरुषांचा ८८ मिनिटे आढळला. ज्याचा हात रोज ओट्यावर फिरतो, त्याच्याच नजरेला चिकटपणा आधी जाणवतो, आणि म्हणून समाधानातला हा फरक स्वभावाचा नसून जबाबदारीचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

शाहूपुरीचा रहिवासी:
आपली आकडेवारी मान्य आहे, पण त्यातून कष्टांची वाटणी कळते. कोणाचे समाधान योग्य, हे त्यातून ठरत नाही. माझ्या घरी न्हाणीघर आणि फरशी ही कामे गेली सहा वर्षे माझ्याकडे आहेत. मी फरशी पुसून बादली ओततो न ओततो, तोच पत्नी कोपऱ्यातली काळी रेघ पाहून पुन्हा फडके घेते. ती तसे बोलून दाखवत नाही, पण ते फडके पाहिले की आपले काम मोजलेच गेले नाही, असे वाटते आणि पुढच्या वेळी हात आपोआप आखडतो. तिची स्वच्छतेची कसोटी तिच्या आईच्या घरातून आली आहे आणि माझी माझ्या घरातून. त्यांपैकी एकच खरी, हे कोणत्या आधारावर ठरवायचे?

पंचगंगाकाठची आजी:
२०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचे पाणी ओसरले, तेव्हा आमच्या घरात घोटाभर चिखल होता. हे आणि मी चार दिवस फावड्याने तो ओढत होतो, पण एकदाही वाद झाला नाही, कारण तो चिखल दोघांनाही सारखाच दिसत होता. महिन्याभराने कपाटामागे ओल धरली, तिचा वास मात्र मला एकटीलाच येत होता. दिवाणखान्यात बसणाऱ्याला कपाटामागे जाण्याचे कारणच पडत नाही, बाळांनो.

राजारामपुरीकर:
आजी, आपण नेमके बोट ठेवलेत. शाहूपुरीकर, पुन्हा फडके मारण्याने आपले मन दुखावते, हे मी मानते. मीही तसे केले आहे आणि ते चुकलेच. पण काम करणे आणि ते ध्यानात ठेवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फिनेल संपत आले आहे, हे आपल्या घरी कोणाच्या आधी लक्षात येते?

शाहूपुरीचा रहिवासी:
पत्नीच्या. हे मला नाकारता येणार नाही. तरीही जे काम माझे, त्याची कसोटीही माझीच असावी, हा आग्रह मी सोडत नाही. मात्र मग फिनेल आणणे आणि ते आठवणेही माझ्याकडेच आले पाहिजे. आणि ती काळी रेघ काल गुडघ्यावर बसून जवळून पाहिली. ओले पुसणे भिंतीपर्यंत नेले, की मळ तिथेच अडकून वाळतो. आधी कोपरा कोरड्या फडक्याने काढावा लागतो. हे मला सहा वर्षांत कळले नव्हते आणि तिनेही कधी सांगितले नव्हते.

राजारामपुरीकर:
सांगायला हवे होते. शेगडीमागचे ते थेंब मी अजून पुसलेले नाहीत. आज रात्री यजमानांना तिथे उभे करून दाखवणार आहे.