मदत हवी आहे: लॉगिनलाच कीबोर्ड मराठीत येतो

खानापूर. घरचा कॉम्प्युटर, विंडोज ११ होम, लोकल अकाउंट. म्हणजे पासवर्ड ऑनलाइन रीसेट होणार नाही. इंग्रजी, मराठी, कन्नड (सरकारी अर्जांसाठी) तिन्ही कीबोर्ड हवेतच. पासवर्ड इंग्रजीत आहे, पण लॉगिनला मराठी कीबोर्ड येतो. नुसती टिंबं दिसतात. डोळ्याच्या खुणेवर दाबलं तेव्हा कुठे देवनागरी दिसली. विंडोज आणि स्पेस ही बटणं एकत्र दाबून बदलतो, पण घरातले विसरतात आणि दहा चुकांनंतर दहा मिनिटं लॉक.

यादीत इंग्रजी वर नेली, 'कॉपी सेटिंग्ज'मधून वेलकम स्क्रीनला (म्हणजे लॉगिनच्या पडद्याला) लावली, रीस्टार्ट केलं. फरक शून्य. पासवर्ड काढा म्हणू नका, बँकेची कागदं आहेत.

रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जची नोंदवही) 'डॉट डिफॉल्ट'च्या कीबोर्ड लेआउट-प्रीलोडमध्ये १ समोर मराठीचा कोड आहे. तिथे इंग्रजीचा कोड ०००००४०९ टाकून मराठी २ वर नेली तर पुरेल का, की आणखी कुठे बदलावं लागतं?